कर्ण्याच्या जागी बादली

१

अर्चनाने चादर ओढली आणि खाली निळी प्लास्टिकची बादली निघाली. पालथी घातलेली, झाडूवाल्या कोपऱ्यातली, हॉलचीच बादली.

"कर्णा कुठंय?" ती ओरडली. मग पुन्हा, हळू आवाजात, "काकू, कर्णा कुठंय?"

आता मला काय माहीत! बँकेच्या दक्षता विभागातून निवृत्त झाल्यापासून सुरतेतल्या मराठी मंडळींना वाटतं की हरवलेली वस्तू मी नुसत्या वासावर काढते. कुणाची बांगडी, कुणाचं मांजर, कुणाचा जावई. गुडघे माझे दुखतात, आणि शोधायला मीच. पण अर्चनाचा चेहरा असा पांढराफटक पडला होता की जिभेवर आलेलं मी गिळलं आणि उठून टेबलापाशी गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये प्रदर्शनाचं उद्घाटन होतं: शंभर वर्षांपूर्वीचा बारडोलीचा बाजार. अर्चनाचे पणजोबा खानदेशातून बारडोलीला गेले आणि तिथे त्यांनी दुकान थाटलं. नांगराचे फाळ, बियाणं, कंदील, छत्र्या, साबण, असं कुणब्याला लागेल ते सगळं. त्या दुकानाच्या पत्र्याच्या पाट्या, देवादिकांची चित्रं छापलेली कॅलेंडरं, वजनं-मापं, सारं भिंतीशी मांडलेलं. आणि मधोमध कर्णा. ग्रामोफोनचा, पितळी, आतून फुलाच्या पाकळ्यांसारखा रंगवलेला. बाजाराच्या दिवशी बैलगाडीवर तबकडी लावायची, गाणं ऐकायला माणसं गोळा झाली की कर्णा काढून तोंडाला लावायचा आणि दुकानातल्या मालाची हाळी द्यायची. तेव्हाची जाहिरात ती अशी.

ग्रामोफोन जागेवर होता. कर्णा तेवढा गेला होता.

मंडळाचे सचिव अजिंक्य तोवर धावत आले. त्यांनी बादली पाहिली, दार पाहिलं, आणि त्यांचा तपास तिथेच संपला. "हॉलची किल्ली एकाकडेच असते," ते म्हणाले. "हिलालला बोलवा."

२

हिलालभाऊ आमच्या हॉलचे राखणदार. उधन्यात मागावर काम करायचे, मालकाने माग विकले तेव्हा इथे आले. हॉलच्या मागे एक खोली आहे, तिच्यात ते आणि त्यांची बायको उषाबाई राहतात. खोली म्हणजे काय, चार भिंती आणि एक पंखा. पण सुरतेत त्यांचं असं तेवढंच.

अजिंक्यने दोघांना सगळ्यांसमोर उभं केलं. मग चार माणसं घेऊन खोलीत गेले आणि उषाबाईंची पत्र्याची पेटी उघडून त्यातलं एकेक लुगडं बाहेर काढलं. मी "अहो, अहो" म्हणत राहिले. कोण ऐकतंय? कर्ण्याचं तोंड परातीएवढं, तो पेटीत मावणार तरी कसा, हा विचार पेटी उपसून झाल्यावर त्यांना सुचला.

"उद्या उद्घाटनाच्या आत कर्णा जागेवर पाहिजे," अजिंक्यने सांगितलं. "नाहीतर पोलीस. आणि खोली रिकामी करायची. उद्याच."

उषाबाई मटकन खाली बसल्या आणि लुगड्यांच्या घड्या घालू लागल्या. संताप आला मला! दमलेल्या माणसाला संताप परवडत नाही, नंतर रात्रभर झोप येत नाही, पण आला.

मंडळी पांगल्यावर मी उषाबाईंच्या शेजारी बसले. "ही निळी बादली तुम्ही शेवटची कधी वापरलीत?"

"दुपारनी, फुलांवर पाणी शिंपडाले," त्या म्हणाल्या. "मंग बाया घरी गयात, मी फरशी पुसाले बादली शोधी, तं सापडनीच नही. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनकडून मांगी आनी."

मी तशीच शेजारी गेले. वॉचमन रागावलेलाच होता. "अजून परत नाही दिली माझी बादली," म्हणाला. "चार वाजता नेली."

झालं. म्हणजे फरशी पुसायच्या वेळी निळी बादली आधीच चादरीखाली गेली होती. अदलाबदल झाली ती हॉलला कुलूप लागल्यावर नव्हे; हॉल बायकांनी भरलेला असताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दुपारभर तिथे झेंडूच्या राशी होत्या, माळा ओवणं चाललं होतं, मांडलेल्या वस्तूंवर धूळ नको म्हणून चादरी टाकल्या होत्या. किल्लीचा प्रश्नच नव्हता.

अजिंक्यला फोन करून सांगितलं. "मॅडम, बादली लपवणं त्यांना काय अवघड आहे?" ते म्हणाले. "कर्णा आणा, मग बोलू."

फोन ठेवला आणि हिलालभाऊंकडे वळले. "दुपारी कुणाकुणाचं सामान तुम्ही गाडीत ठेवलंत?"

"सगळ्यांचंच, ताई. फुलांच्या पिशव्या होत्या."

"पिशवीत कर्णा मावत नाही. मोठं काय होतं?"

"तुषारभाई आले होते, त्यांच्या गाडीच्या डिकीत जुनी लाकडी चौकट ठेवली. अर्चनाताईच्या गाडीत फ्लेक्सचं भेंडोळं. वत्सलाआत्याचं फुलांचं पोतं रिक्षात ठेवलं, गल्लीतल्या बायकांना वाटायला नेलं त्यांनी."

"पोतं जड होतं?"

"फुलं ओली होती," हिलालभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पंखा बंद करायला गेले. पंखा बंदच होता.

३

दसऱ्याला एक बरं असतं. आपट्याची पानं हातात घेऊन कुणाच्याही दारात उभं राहा, "का आलात" असं कुणी विचारत नाही. सोनं द्यायचं, सोनं घ्यायचं, आत बसायचं, चहा प्यायचा आणि नजर फिरवायची. दक्षता विभागात असताना एवढी सोय मला कधी मिळाली नव्हती.

सकाळी फाफडा-जिलेबीच्या रांगा चुकवत आधी अडाजणला तुषारकडे गेले. हा जुन्या वस्तू विकतो. मूळचा जळगावचा, पण तिसऱ्या वाक्याला गुजरातीत घुसतो. प्रदर्शन संपलं की कर्णा अर्चनाकडून तो घेणार आणि वेसूच्या एका नव्या हॉटेलात लावणार, असं ठरलं होतं. दुकानात त्याने सगळ्या मालाला हळद-कुंकू वाहिलं होतं. माझा माणूस हाच, असं मी रिक्षातच ठरवून टाकलं होतं.

"आवो आवो, शैलजाबेन! हॅपी दशेरा!" मग आवाज पडला. "कर्णा मळ्यो?"

"तूच सांग."

"मी?" त्याने कपाळावर हात मारला. "काकू, हॉटेलवाल्याला पितळ नको आहे, त्याला गोष्ट हवी आहे. बारडोलीचा कर्णा, अमुक घराण्याचा, अमुक फोटो. चोरीचा माल तो लॉबीत कसा टांगेल? माझ्या नावाची वाट लागली ना!" त्याने मला डिकी दाखवली, चौकट दाखवली, मागची खोली दाखवली. रडकुंडीला आला होता बिचारा. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती इतकी मागच्या खोल्या दाखवत नाहीत.

तिथून अर्चनाकडे गेले. ती शाळेत शिकवते, नवरा हजिऱ्याला कंपनीत. तिच्यावर माझा संशय नव्हताच. कर्णा तिच्या मालकीचा, नको असेल तर तिने तो घरीच ठेवला असता. मी गेले ते फोटो बघायला. प्रदर्शनासाठी मोठा केलेला तो फोटो तिच्या टेबलावर मूळ आकारात पडला होता.

हॉलमधल्या फोटोत पणजोबा कोट-टोपीत गाडीपाशी उभे आहेत आणि शेजारी कर्णा. खाली लिहिलंय, 'संस्थापक स्वतः गावोगाव फिरून मालाची हाळी देत.' ग्रामोफोनच्या दांड्यावर एक हात दिसतो, नुसता हात. मूळ फोटोत त्या हाताला माणूस होता. सदरा, मुंडासं, हसरा, समोरचे दोन दात नसलेला.

"हा कोण?"

"हा उखा," अर्चना म्हणाली. "दुकानात कामाला होता. हाळी खरं तर तोच द्यायचा. पॅनेलच्या मापात फोटो बसेना, म्हणून कडेनं कापला."

"उखा. म्हणजे कुणाचा कोण?"

"वत्सलाआत्याचे वडील." तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातला चहा तसाच राहिला. "काकू, ती सख्खी आत्या नाही, पण लहानपणापासून आम्ही आत्याच म्हणतो. ऐंशीला आली. ती असं कशाला करेल?"

आदल्या दुपारी वत्सलाआत्या कुठे बसली होती ते मला आठवत होतं. टेबलाला पाठ टेकून, चादरीच्या अगदी लगत, सुईदोरा घेऊन. म्हातारी बाई एका कोपऱ्यात ओवत बसली की तिच्याकडे कोण बघतं? मीही बघितलं नव्हतं.

४

उधन्यातली तिची गल्ली सणाची होती. गाड्या धुऊन पुसून, चाकांना माळा. मागांच्या कारखान्यांची शटरं अर्धी खाली, आतल्या यंत्रांवर कुंकवाची बोटं. दसऱ्याला आमच्याकडे ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची पूजा. सुताराने करवतीची करावी, शिंप्याने कात्रीची.

वत्सलाआत्याच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं आणि त्यात झेंडू मोजकेच. मी थबकले. काल ही बाई पोतं भरून फुलं घेऊन गेली! शेजारणीला सोनं देता देता विचारलं, "आत्यांनी फुलं वाटली का?"

"कुठली?" ती म्हणाली. "मी तर बाजारातून विकत आणली."

म्हणजे पोत्यात फुलं वरवरच होती.

"ये गं शैला," आत्याने हाक मारली. "सोनं घे, सोन्यासारखी राहा. गुडघा कसाय?"

"आहे तसाच. तुमचा?"

"माझा कुठला, देवाचा झाला आता."

बसले. चहा आला. शिवणयंत्रावर हळद-कुंकू आणि छोटी माळ, साहजिक आहे, त्या यंत्रावर तिने जन्म काढला. विळीला कुंकू. आणि भिंतीशी धान्याची पत्र्याची कोठी, तिच्यासमोर पाट, पाटाभोवती रांगोळी, आणि घरातली सगळ्यात जाड माळ त्या कोठीला.

कोठीची पूजा? दसऱ्याला? आणि शेजारीच गव्हाची गोणी उघडी, वाट्या-डब्यांत गहू काढून ठेवलेला. कोठीत धान्य नव्हतंच.

"आत्या," मी म्हटलं, "कोठीनं काय काम केलं हो वर्षभर?"

तिने कोठीच्या माळेतलं एक फूल सारखं केलं. मग म्हणाली, "लपवलं होतं तर गप बसायचं होतं मी, नाही का? पण दसरा उजाडला. माझा बाप दरवर्षी कर्ण्याला पुजायचा, आधी कर्णा, मग बैल, मग घरची भाकर. त्याच्या वस्तूला मी आज अंधारात उपाशी ठेवू? हात राहिना, शैला."

"मग झाकण तरी उघडायचं होतं पूजेला."

"उघडलं होतं. शेजारीण आली म्हणून लावलं."

दुसरा कुणी असता तर तोंडावर पांघरूण घेऊन बसला असता. हिने चोरलेल्या वस्तूला माळ घातली आणि पुढ्यात रांगोळी काढली! मला हसू आलं.

"बाप बारडोलीच्या बाजारात उभा राहिला की आजूबाजूच्या गावांत कळायचं," ती म्हणाली. "मला मांडीवर घेऊन गाडीवर बसायचा. गिऱ्हाईक शेठच्या दुकानात यायचं, पण ते या आवाजाला यायचं. आवाज बसला, रक्त पडायचं, तरी हाळी देत होता. आणि परवा मी हॉलमध्ये बघते तर त्याचा नुसता हात! पोरीला म्हटलं असतं, लाव गं बाई पुरा फोटो. पण तिनं कर्णा हॉटेलात द्यायचं ठरवलं, मलाच फोनवर आनंदानं सांगितलं. मग म्हटलं, सांगून काय उपयोग?"

"मला सांगायचं होतंत."

"तू काय केलं असतंस?"

खरंय. काय केलं असतं मी? चहा घेऊन घरी आले असते.

"कर्णा नाही मिळाला तर तुषार रडेल, दोन दिवस बोंबाबोंब होईल, मग लोक विसरतील, असा माझा हिशेब," ती म्हणाली. "कुणाचं काय बिघडतं?"

आत्या घरी निघून आली होती, तिला पुढचं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. पेटी उपसली ते, लुगडी बाहेर काढली ते, आज संध्याकाळी हिलालभाऊंना खोली सोडायची आहे ते.

आत्याच्या हातातली बशी टेकताना वाजली. "पण त्याला माहीत होतं!"

"कुणाला?"

"हिलालला! त्यानंच पोतं उचललं. फुलांच्या पोत्यात पितळ आहे हे उचलणाऱ्याला कळत नाही होय? त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मी त्याच्या. काही न बोलता त्यानं रिक्षात ठेवलं, वर म्हणाला, आत्या, सांभाळून जा." ती धडपडत उठली. "आणि तो गप्प बसला? घर जातंय तरी? ऊठ शैला, रिक्षा बोलव. आधी ते झाकण काढ."

५

हॉलसमोर रिक्षा थांबली तेव्हा फुलांची कमान लागली होती. आत्याने कर्णा कुणाला धरू दिला नाही. पदराखाली वगैरे काही नाही, छातीशी धरून, माळेसकट, ती सरळ मधल्या टेबलापर्यंत चालत गेली. सगळे बघत उभे राहिले.

"मी नेला होता," ती म्हणाली. "काल दुपारी, फुलांच्या पोत्यात घालून. हिलालनं नुसतं पोतं उचललं, ओळखलं तरी माझ्यासाठी गप्प बसला, दुसरं काही केलं नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा."

अर्चना पुढे आली आणि आत्याला घट्ट मिठी मारून रडायला लागली. मग डोळे पुसून तिने तुषारला बाजूला बोलावलं आणि सांगितलं की कर्णा विकायचा नाही. फोटो रात्रीच पुरा छापून आणते, म्हणाली. तुषारचं तोंड उतरलं, पण वाद घातला नाही त्याने.

अजिंक्यने घसा साफ केला. "असू दे, आत्या. वय झालं की होतं असं. घरातलीच गोष्ट आहे, गैरसमज झाला. विषय संपला."

मला राहवलं नाही. "काल नव्हती का घरातली?" मी मोठ्याने विचारलं. "काल पोलीस होते, आज गैरसमज? पेटी कुणाची उपसली होती, अजिंक्य?"

त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. मागच्या दाराशी हिलालभाऊ उभे होते. "हिलाल, तू पण मनात ठेवू नकोस हां. खोली तुझीच आहे. आणि बोलायचं ना रे, तुला माहीत होतं तर!"

"काय बोलू साहेब?" हिलालभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, घरच्या बोलीत, "ताई, बापनी वस्तू पोरनी लई गई. तिले चोर कसं म्हनू?"

"आनि आपुले म्हनतंस ते चालनं?" उषाबाई मागून कडाडल्या. त्या आधीपासून तिथे होत्या, काखेत गाठोडं, हातात पेटी. नवऱ्यावर चिडल्या होत्या, आमच्यावर चिडल्या होत्या, आणि चिडायला त्यांचा पुरा हक्क होता. "रात्रभर मी याला विचारते, तुले माहीत शे का, सांग. हा गप! भल्या माणसा, सांगितलं असतंस तर माझी लुगडी चार माणसांनी हातात घेतली नसती!"

आत्याने जाऊन उषाबाईंचा हात धरला. "माझं चुकलं गं, पोरी," ती म्हणाली. "माझ्या घराची माडी रिकामी आहे. भाडं नको, मला सोबत पाहिजे. येतेस का?"

वाटलं, आता उषाबाई हिच्यावरही ओरडतील. पण त्यांनी पेटी आत्याच्या पायाशी ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पंखा काढ. आपला शे तो."

"अरे पण उषाबाई," अजिंक्य गडबडले, "मी म्हटलं ना खोली तुमचीच आहे. पाहुणे येतायत. उद्यापासून हॉल कोण उघडणार?"

"आते तुम्हीच उघाडा, भाऊ," उषाबाई म्हणाल्या. "जी माणसं आमनी पेटी उघाडू शकतंस, त्यास्ले दार काय जड शे?"

पंखा काढायला वेळ लागला. स्टूल मी धरलं, कारण दुसरं कुणी पुढे आलं नाही, आणि गुडघ्याने दुसऱ्या दिवशी त्याचा सूड घेतला. गाठोडं, पेटी, पंखा आणि तीन माणसं एका रिक्षात कशीबशी बसली, आणि रिक्षा उधन्याच्या रस्त्याला लागली. तोवर उद्घाटनाची मंडळी नटूनथटून यायला लागली होती, आणि दाराशी त्यांना या म्हणायला कुणी नव्हतं.